चाकाखालचा दगड

आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी आणणाऱ्या त्या ड्रायव्हरचं नाव मी कधी विचारलं नाही. पर्वतीच्या पायथ्याशी आमच्या गल्लीला चांगलाच उतार आहे. तो गाडी गिअरमध्ये टाकून उतरायचा आणि आधी चाकाखाली दगड सरकवायचा. जाताना तो दगड आमच्या फाटकाशी ठेवायचा, उद्यासाठी.

"अहो, हँडब्रेक लागत नाही, तर नवी गाडी मागा की," मी एकदा म्हणालो.

"दर वर्षी लिहून देतो. साहेब येतात, चालू करून बघतात आणि म्हणतात, चालतीये की." त्याने बॉनेटवरून फडकं फिरवलं. "मी हिला इतकी जपली, तेच चुकलं. मरू दिली असती तर कधीच बदलली असती."

गेल्या महिन्यात तो निवृत्त झाला. गाडी मात्र तीच येते. नव्या ड्रायव्हरला मी दगडाचं सांगितलं, तर म्हणाला, "काका, काही होत नाही." तेव्हापासून आवाज आला की मीच खाली जाऊन दगड लावतो.

काल साहेब पाहणीला आले. दगडाकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. भर उतारावर गाडी जागची हलत नव्हती. ते समाधानाने काहीतरी लिहून निघून गेले.