दाराचा दगड

काल सिंदी मेघे गावातल्या माझ्या घरात झाडझूड करताना कपाटाखाली तो काळा दगड सापडला, आणि लहानपणीचा, वडनेर गावातला एक रविवार आठवला.

बाबा ख्रिस्ती झाल्यापासून गाव आमच्याशी बोलत नव्हतं. त्या सकाळी आम्ही प्रार्थनेला बसलो असताना कौल फोडून दगड आत आला. उघड्या बायबलवर तांबडा चुरा पडला.

आई रडत म्हणाली, "आता तरी दार लावा जी."

बाबांनी दगड पुसला आणि दार वाऱ्यानं लागू नये म्हणून त्याला टेकवून ठेवला.

"ज्यानं फेकला, त्याले आत यावंसं वाटलं तं?"

तेव्हा मला बाबा भित्रे वाटले होते. आता मीच शेजाऱ्यांच्या भीतीनं कडी लावून, आवाज दाबून प्रार्थना करते.

आज रविवार. कडी काढली, दगड दाराला लावला. प्रार्थनेला मात्र दाराकडे तोंड करून बसले.