टाकीवरचा नमदा

खिंड मागे पडली तसा उतार लागला, आणि बंद पडलेली मोटरसायकल आता ढकलावी लागेना. नुसती धरून चाललं तरी पुरत होतं. डावीकडे हँडल धरून म्हातारे इमानकुल चालले होते. उजवीकडे, साइडकारच्या कडेवर हात ठेवून, त्यांची सून जिपार. साइडकारमधल्या डब्यात घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमीस डचमळत होतं. ढगाची एक सावली त्यांच्या पुढेपुढे उतारावरून सरकत होती. वाट ठाऊक असलेलं कुणी घरचं माणूस पुढे चालावं, तशी.

खाली नदीच्या पुलापाशी संध्याकाळी तुर्सुन व्यापारी येणार होता. जिपारनेच त्याला निरोप धाडला होता, की गाडी घेऊन जा. तिने सासऱ्यांना तसं सांगितलं तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले होते. घोडीच्या पाठीवरून हात फिरवावा तसा त्यांनी गाडीच्या सीटवरून हात फिरवला होता, आणि सकाळी निमूट बरोबर निघाले होते.

गाडी खिंडीत बंद पडली, त्याचं जिपारला नवल वाटलं नाही. ती तिथेच कुठेतरी बंद पडायची. नवल वाटलं ते सासऱ्यांचं. एरवी गाडी थांबली की ते आधी टाकीचं झाकण काढून आत डोकावायचे, "पेट्रोल आहे," म्हणायचे, मग बैठक मारून कार्बोरेटर खोलायचे. आज त्यांनी कशालाच हात लावला नाही. "चालूया थोडं," एवढंच म्हणाले.

इमानकुलांच्या हाताला त्या तीन खोऱ्यांत तोड नव्हती. लहानपणी ते शिंगरं वळवायचे. पुढे सामूहिक शेतीच्या गॅरेजात लागले, ती शेती मोडली, गॅरेजचे पत्रेसुद्धा लोकांनी नेले, तरी ह्यांचं काम सुटलं नाही. उन्हाळ्यात सगळ्यांचे तंबू वरच्या कुरणात गेले की मोटरसायकली त्यांच्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या. कुणी मेंढरांच्या गाडीत घालून आणायचा, कुणी घोड्याला दोर बांधून. वर हवा पातळ, तेव्हा पेट्रोलही पातळच पाजायचं, नाहीतर गाडी काळा धूर ओकते, असं ते सांगायचे आणि कार्बोरेटरची सुई एक घर खाली उतरवून द्यायचे. बाटलीतलं पेट्रोल तळहातावर ओतून वास घ्यायचे आणि म्हणायचे, ह्यात पाणी आहे, गाळून घे. कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये कचरा अडकला तर तार कधी घालायचे नाहीत. तारेने पितळेचं भोक मोठं होतं, मग गाडीचं पिणं वाढतं. त्यांच्या करड्या घोडीच्या शेपटीचा एक केस उपटायचा, तो ओवायचा, वर एक फुंकर. सुरुवातीला बिस्मिल्ला, आणि गाडी सुरू झाली की दोन्ही हात चेहऱ्यावरून खाली.

शेजारच्या तंबूतली बातमा त्यावरून जिपारला चिडवायची. "तुझा सासरा गाड्या दुरुस्त करतो की घोडीची हजामत? बिचारीला माश्या हाकायला शेपूट उरली नाही."

असा माणूस घरात, आणि घरचीच गाडी चालेना. लोक बोलायचे.

गाडी जिपारच्या नवऱ्याची. त्या घरात सुना नवऱ्याचं नाव घेत नाहीत, ती "तो" म्हणायची. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तो परमुलखातल्या मोठ्या शहरात इमारतींच्या कामावर गेला. जाताना म्हणाला, गाडी सांभाळ. तिने ती सांभाळली. दोन हिवाळे गाडी आडोशाला उभी होती. टाकीवर बर्फ साचू नये म्हणून जिपारने लोकर लाटून नमदा केला आणि टाकीच्या मापाचं खोगीर शिवावं तसं पांघरूण शिवलं. लाल जमिनीवर काळी मेंढ्याची शिंगं. झाकणावर येईल असा वेगळा पदर, दंव झिरपू नये म्हणून त्याला आतून बकरीचं कातडं, आणि वर आवळून बांधायची नाडी. फोनवर त्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, आल्यावर आधी हिच्यावर बसेन, मग चहा.

तो आला नाही. तिकडेच ताप डोक्यात गेला.

पुढच्या उन्हाळ्यात इमानकुलांनी गाडी बाहेर काढली. ती निघायची छान, पण गवताचा पहिला माळ ओलांडून खिंडीच्या तोंडाशी आली की आचके देऊन बंद. म्हातारे उतरायचे, डोकावायचे, खोलायचे, केस ओवायचे, किक मारायचे. सुरू. पुन्हा तेवढंच अंतर, पुन्हा बंद.

जिपारच्या मनात बसलं, की हे गाडीचं दुखणं नव्हे. त्याच्याआधी कुणी बसलेलं त्याला रुचत नसावं. दर शुक्रवारी ती तेलात कणकेचे बोरसोक तळायची, त्या वासाने गेलेल्यांचा जीव शांत होतो म्हणून. तो वास ती गाडीपर्यंत जाऊ द्यायची. एकदा तर जुनिपरची पेटती डहाळी घेऊन गाडीला धुरी द्यायला निघाली. म्हातारे हातातला चहा टाकून धावले होते. पेट्रोलचा कॉक बंद करत म्हणाले होते, "पोरी, धुरी माणसाला दे, टाकीला नको. दोघं एकदमच वर जाऊ." त्या दिवशी ती किती दिवसांनी हसली होती.

पण तीन उन्हाळे झाले. गाडी खिंडीत थांबली की तिला वाटायचं, कुणीतरी आपला पदर मागून धरला. आता तिला ते सोसवत नव्हतं.

उतारावर झऱ्याकाठी इमानकुल थांबले. गाडी त्यांनी दगडाला टेकवली. ऊन गवतावर आडवं पसरलं होतं. दूर शिंगरं उभ्याउभ्या झोपली होती. सगळी दरीच पाण्याखाली असावी, तशी हलकेच डुलत होती.

"इकडे ये," ते म्हणाले. "टाकीला कान लाव."

ती वाकली. नमद्याला अजून बर्फाचा वास होता. म्हाताऱ्यांनी नाडी सोडली, पदर उचलला आणि झाकण सावकाश फिरवलं. आत एक लांब श्वास गेला. पाण्याखालून वर आलेलं माणूस घेतं, तसा.

जिपारने चमकून कान काढला.

"झाकणाला बारीक भोक असतं," इमानकुल म्हणाले. "पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यायला लागते. ती येत नव्हती. दुसरं काही नाही, पोरी. कुणी अडवत नव्हतं तुला."

तिने पदराकडे पाहिलं, आतल्या कातड्यावरून बोट फिरवलं. किती घट्ट शिवलं होतं ते, झाकणाचं भोक पार बुजेल इतकं. मग हळू आवाजात विचारलं, "कधीपासून माहीत आहे, अताके?"

"पहिल्या उन्हाळ्यापासून."

ती गवतावर बसली. म्हणजे झाकण काढून डोकावणं हाच इलाज, आणि घोडीचा केस नुसता तिला दाखवण्यापुरता. तिला आधी राग आला. तीन वर्षं ती बोरसोक तळून त्याची मनधरणी करत होती, आणि हे मूग गिळून बसले होते. तिने तसं बोलूनही दाखवलं. म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, झाकण सैल ठेवून पाहिलं होतं, तर पेट्रोल उडून लाल रंगावर डाग पडला, तू रात्री पीठ चोळत बसलीस. पांघरूण काढून ठेव म्हणणार होतो. जीभ रेटली नाही. त्याच्यासाठी केलेली तेवढीच एक वस्तू होती घरात.

"आणि आज?"

"आज तू त्यालाच विकायला निघालीस. ते मात्र चुकीच्या कारणाने नको."

ढगाची सावली पुढे निघून गेली होती. खाली पुलाचा कठडा दिसत होता, आणि त्याच्यापाशी उभं असलेलं कुणीतरी.

इमानकुलांनी बुटातून खोगीर शिवायची आरी काढली आणि मुठीकडून तिच्यापुढे धरली.

"कितीदा हातात घेतली मी. माझ्याने होत नाही, टाके तुझे आहेत. झाकणाच्या बरोबर वर एक भोक पाड, बाळ. शिंगाच्या वळणात पाड, म्हणजे दिसणार नाही."