आईला महापौर करणारा हात

आमच्या शहरात पुन्हा महापौर निवडायची वेळ आली आणि नगरसेवक रिवाजाप्रमाणे बसमध्ये बसून 'सहली'ला गेले. फुटू नयेत म्हणून रिसॉर्टवर सांभाळायचं आणि मतदानाला थेट सभागृहात उतरवायचं! बातम्या बघता बघता आई म्हणाली, "मला कौसल्याताईंकडे घेऊन चल."

आई माजी महापौर, एका मताने निवडून आलेली. पूर्वी चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदान व्हायचं. आईच्या वेळेपासून सगळ्यांसमोर हात वर करणं आलं. तो जास्तीचा हात विरोधी पक्षाच्या कौसल्याताईंचा. आपल्या पक्षाने त्यांना फोडलं असेल का, हा संशय आईला त्या खुर्चीत टोचत राहिला, आणि नंतरही. ताईंचं पुढे तिकीट कापलं गेलं आणि त्या कळमनुरी तालुक्यातल्या गावी परतल्या.

नांदेडपर्यंत रेल्वे, पुढे हिंगोलीची एसटी. पंचाहत्तरी उलटलेल्या आईचा प्रवास फुकट, माझं अर्धं तिकीट. महापौरबाई यावर जाम खूश! वारंगा फाट्याला उतरून गरम खिचडी खाल्ली. ती चुकवू नका, मिरची मात्र जपून. आई दोन घासांवरच थांबली आणि रिक्षा बघायला उठली. तिथून गावापर्यंत रिक्षा मिळते.

ताईंच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत होती. चहा यायच्या आतच आईने विचारलं, "ताई, खरं सांगा. तेव्हा हात का वर केलात?"

ताई हसतच सुटल्या. "चुकून केला की वो! आमाला सांगून ठेवलेलं, शेजारच्याचा हात गेला की आपला करायचा. कायम तेच करून राहिलो. त्या दिशी तुमचं नाव पुकारलं अन् शेजारच्या भाऊंनी शिपायाला पानी मागायला हात केला. माझाबी गेला!"

आईचा चेहराच उतरला.

"थांबा तर. आमचे लोक वरडले, 'ए बाई, हात खाली घे!' तवा तुमी समोरून म्हनल्या, 'कौसल्याताई, तुम्हाला पटेल तसं करा.' मला काय पटतंय, हे तिथं पहिल्यांदाच कुनी इचारलं. मग न्हाई घेतला खाली. तुमच्या लोकांचा तर चहाबी घेतला न्हवता मी."

"पण तिकीट गेलं तुमचं," आई म्हणाली.

"व्हय, तकलीफ झाली. पन तो हात माझा होता."

आपण असं काही म्हटल्याचं आईला आठवतच नव्हतं. संशय फेडायला आलेली बाई ताईंच्या गळ्यात पडून रडली. मलाही आवरलं नाही.

जेवल्याशिवाय ताईंनी सोडलं नाही, त्यामुळे हिंगोलीचा हळदीचा बाजार राहिला. तुम्ही तो जरूर पाहा.

महापालिकेत माजी महापौरांच्या तसबिरी लावतात. आईने आजवर आपला फोटो दिला नव्हता. परत आल्यावर तिने तो स्वतःहून निवडला, मी ताईंच्या अंगणात काढलेला. त्यात दोघी आहेत. "ताईंना कापून तुझा तेवढा ठेवू का?" मी विचारलं.

"कापून तर बघ!" आई म्हणाली.