पेटीमास्तरांची जागा

पेटीमास्तरांनी चहा सोडला, तेव्हा आमच्या बुवापाड्यातल्या चाळीला पहिल्यांदा शंका आली. दिवसाला आठ कप पिणारा हा माणूस एके सकाळी माझ्या आईला हात जोडून म्हणाला, "वहिनी, आजपासून नको. राग मानू नका." आईला वाटलं, साखर वाढली असेल.

त्यांचं खरं नाव फारसं कुणी घेत नसे. आठवडाभर ते उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका वर्कशॉपात लेथवर काम करायचे आणि रविवारी देवळात पेटी वाजवायचे. देऊळ म्हणजे त्यांचं मराठी चर्च. गाणाऱ्यांचा आवाज फार चढला की डोळे मिटूनच पुटपुटायचे, "सावकाश. देव बहिरा नाही."

त्यांची एकुलती एक मुलगी रूथ माझ्या वर्गात होती. चौथीत असताना ती काविळीने गेली. दफन करून परतताना मास्तरांनी पाळकांना, म्हणजे देवळाच्या धर्मगुरूंना, विचारलं, "तिथे ती मला मुलगी म्हणूनच भेटेल ना?" पाळक प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "तिथे नाती कशी असतील, ते देवालाच ठाऊक." हे उत्तर मास्तरांच्या मनात पुढे कितीतरी वर्षं सलत राहिलं.

नव्वदनंतर केव्हातरी ते एका मित्राबरोबर मुंबईला मॉर्मन लोकांच्या सभेला गेले. अमेरिकेत निघालेला हा पंथ. येशूलाच तारणारा मानतात, पण बायबलच्या जोडीला आणखी एक ग्रंथ मानतात. चहा, कॉफी, दारू वर्ज्य. तिथे त्यांना कुणीतरी सांगितलं की मरणानंतरही कुटुंब कुटुंबच राहू शकतं. मास्तरांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. "मला एवढंच ऐकायचं होतं," ते आपल्या बायकोला, आमच्या काकूंना, म्हणाले. काकू मात्र जुन्या देवळातच राहिल्या.

वर्कशॉपचे सिंधी शेठ हसले. "साईं, पहले भी क्रिस्चन, अब भी क्रिस्चन. फरक क्या पडा?"

"चाय का, शेठ," मास्तर म्हणाले.

देवळात फरक मोठा पडला. पाळक घरी आले तेव्हा मी काकूंकडे भाजी निवडत बसले होते.

"पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे ते लोक मानत नाहीत," पाळक म्हणाले. "मग त्यांना ख्रिस्ती कसं म्हणू, मास्तर?"

"मी प्रार्थना कोणाच्या नावाने करतो, ते तरी विचारा."

पाळकांचे डोळे भरून आले. पण पुढच्या रविवारी पेटीवर दुसराच माणूस होता. मास्तर तरीही काकूंना दारापर्यंत सोडायचे आणि उपासना संपेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहायचे. बाजारात जाता-येता मी पाहिलंय, आतलं गाणं सुरू झालं की त्यांची बोटं गुडघ्यावर हलायची.

तीन-चार वर्षांनी लेथवर काम करतानाच त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. दफनासाठी रूथशेजारची जागा मागायला काकू देवळाच्या कमिटीकडे गेल्या, सोबत मी. एक वयस्कर गृहस्थ हळू आवाजात म्हणाले, "बाई, ती जागा ख्रिस्ती माणसांसाठी आहे."

काकू जन्मात कधी कुणाला उलटून बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "हे ख्रिस्ती नव्हते, तर तीस वर्षं माझ्या घरात जेवणाआधी येशूचं नाव कोण घेत होतं?"

तरी जागा दिली नाही. पाळक खाली मान घालून बसले होते.

मुंबईहून आलेल्या चार मॉर्मन माणसांनी कल्याणच्या पलीकडे कुठेतरी जागा मिळवली. पाळक तिथवर आले, सगळ्यांच्या मागे उभे राहिले. प्रार्थना मात्र त्यांनी म्हटली नाही. धर्मात कोण बरोबर, ते मला हिंदू घरातल्या बाईला काय कळणार? पण बाप इकडे आणि लेक तिकडे, एवढं दिसत होतं.

त्यानंतर काकू फार वर्षं काढतील असं वाटत नव्हतंच. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी रोज जात असे. एकदा धीर करून विचारलं, "काकू, तुम्हाला मास्तरांजवळ ठेवायला सांगू का?"

"नको गं," त्या म्हणाल्या. "त्यांना खात्री होती, रूथ भेटेलच. मला तेवढी नाही. मला तिच्याजवळच ठेवा."