चहा सुटला, ठोके चुकतच राहिले

नागपूरच्या डॉक्टरांनी ईसीजीच्या कागदावर पेनाने तीन गोल केले. "हा ठोका वेळेआधी पडला. हाही. आणि हा." मग विचारलं, "काम काय करता?"

"बस चालवतो. आर्वी-नागपूर."

"महिनाभर स्टीअरिंगला हात लावायचा नाही."

माझ्या दुखण्याचं नाव व्हेंट्रिक्युलर प्रिमॅच्युअर कॉम्प्लेक्स, थोडक्यात व्हीपीसी. हृदयाचा एखादा ठोका आपली वेळ येण्याआधीच पडतो आणि पुढचा येईपर्यंत छातीत खड्डा पडल्यासारखं वाटतं. तळेगावच्या पुढे मला दोनदा तसं झालं. दुसऱ्यांदा डोळ्यांपुढे अंधारी आली. आरशात भरलेली बस दिसत होती. मी गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून टायर पाहण्याचं नाटक केलं. फार घाबरलो होतो.

डॉक्टरांनी चहाचं विचारलं. आमच्या लाइनवर गाडी थांबली की हॉटेलवाला ड्रायव्हरच्या हातात न मागता कप देतो. सकाळपासूनचे कप आठवत बाराव्यापर्यंत आलो आणि लाजेने थांबलो. चहातल्या कॅफिनने असे ठोके वाढू शकतात, हळूहळू कमी करा, असं ते म्हणाले. त्यातलं 'हळूहळू' मी ऐकलंच नाही. घरी येऊन बायकोला, शोभाला सांगितलं, "उद्यापासून माह्यासाठी चहा मांडू नोको."

दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं फुटायला आलं. शोभाने किराणा दुकानातून डोकेदुखीची गोळी आणली, बरं वाटलं. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या पाच. डेपोत मला चौकशीच्या खिडकीवर बसवलं होतं. तिथे चहा पिणाऱ्या प्रत्येकाला मी उपदेश पाजत होतो. शोभा म्हणाली, "चहाच सोडला ना, का संन्यास घेतला?"

महिन्याने होल्टर लावलं, म्हणजे छातीला तारा चिकटवून चोवीस तास ठोके नोंदवणारं लहानसं यंत्र. चुकलेले ठोके जवळजवळ तेवढेच निघाले.

"चहा खरंच सोडलात?" डॉक्टरांनी विचारलं.

माझं डोकंच फिरलं. "मंग मी का खोटं बोलाले आलो इथं?"

ते शांतपणे म्हणाले, "आणखी तपासण्या करू. तोवर फिटनेस देता येणार नाही." फिटनेस म्हणजे गाडी चालवायला योग्य असल्याचा दाखला. तो कधीच मिळाला नाही तर, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

परतीला आमच्याच लाइनच्या बसमध्ये प्रवासी म्हणून बसलो. कंडक्टर भलावी मॅडम होत्या, सहा वर्षं माझ्याच गाडीवर असलेल्या. कारंजाला गाडी थांबली, खाली उतरलो तर हॉटेलवाल्याने सवयीने माझ्यापुढे कप ठेवला. न पिताही हेच, तर पिऊन काय वाईट होणार? डोकं ठणकत होतं, म्हणून आधी गोळी काढली.

"चहा सोडला म्हनता, मंग हे काय घेऊन राह्यले भाऊ?" मॅडमनी पट्टी हातातून घेतली आणि प्रवाशाचा पास तपासावा तशी उजेडात धरली. "याच्यात कॅफिन लिवून आहे."

मी वाचलं. खरंच होतं. दारातून हाकललेला चहा मीच खिडकीतून आत घेत होतो, दिवसाला पाच वेळा.

कप तसाच ठेवून मी डॉक्टरांना फोन लावला. "साहेब, चूक माही आहे." औषधं कोणती घेता, असं त्यांनी होल्टर लावताना विचारलं होतं. पण किराण्यातली गोळी मी औषधात धरलीच नव्हती. ते म्हणाले, "एकदम सोडलं की डोकं दुखतं. म्हणून हळूहळू म्हणालो होतो."

गोळ्या बंद केल्या. सकाळ-संध्याकाळ अर्धा कप, मग पाव. चौथ्या दिवशी डोक्याला ओला टॉवेल बांधून मी शोभाला म्हणालो, "जाऊ दे, दे एक गोळी." ती म्हणाली, "आरशात दिसत होते ते लोक आठवा." टायरच्या नाटकाबद्दल मी फक्त तिलाच सांगितलं होतं. गोळी घेतली नाही.

पुढच्या होल्टरमध्ये ठोके बरेच कमी झाले आणि दाखला मिळाला. तुमच्यावर अशी वेळ आली तर घरातली प्रत्येक गोळी पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, दुकानातून आणलेलीसुद्धा. मला हे भलावी मॅडममुळे कळलं. त्यांचे उपकार विसरणार नाही.

कामावर परतलो त्या दिवशी कारंजाला पुन्हा कप आला. मी तो मॅडमकडे सरकवला.

चहा संपवून त्या म्हणाल्या, "निघाचं का भाऊ?"

"एक मिनिट थांबा." मनगटावर बोट ठेवलं. एक ठोका चुकला. श्वास रोखून बसलो. पुढचे सरळ आले. अधूनमधून एखादा चुकेल, घाबरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

आरशात पाहिलं, गाडी भरली होती. मॅडमनी डबल बेल दिली आणि मी पहिला गिअर टाकला.