दोन तृतीयांश

माझ्या आत्याच्या पायाला भिंगरी होती. आमच्याकडे आली की टेकायचीच नाही. पंखा पूस, चपला लाव, घट्ट असलेला नळ आणखी घट्ट कर. कॉलेजात ती आनुवंशिकी शिकवायची, तेही येरझाऱ्या घालत. डब्यात लाल आणि पांढरे मणी निम्मे-निम्मे. लाल म्हणजे रक्ताच्या आजाराचा जनुक, पांढरा निरोगी. डोळे मिटून जोड्या काढायच्या, कारण निसर्ग स्थळं बघत बसत नाही. दोन्ही लाल निघाले की ती जोडी बाद, म्हणजे ते मूल दगावलं. मग उरलेल्यांत लाल किती ते काढायचं. अर्ध्यावरून तिसरा हिस्सा, पुढच्या पिढीत चौथा, मग पाचवा.

"कमी होतो, पण संपत नाही," ती म्हणायची. "पांढऱ्याच्या आड दडून बसतो मेला!"

हे तिच्या घरातलंच होतं. तिचा धाकटा भाऊ याच आजारानं लहानपणी गेला. म्हणजे आई-वडील दोघंही वाहक, एकेक लाल मणी लपवून असलेले, आणि जगलेल्या निरोगी भावंडांत दोष लपलेला असण्याची शक्यता तिनात दोन. ग्रंथालयातल्या एका भल्या माणसानं तिला मागणी घातली, तेव्हा तिनं त्याला हे गणित सांगितलं.

"दोघांचंही रक्त तपासू," तो म्हणाला. "दोघांतही निघालं तरच भीती ना?"

तिनं नकार दिला. वर्गच्या वर्ग शिकवून काढले, पण स्वतःला सुई टोचू दिली नाही. याचा मला फार राग यायचा.

मला दिवस गेले तेव्हा मात्र ती हात धुऊन मागे लागली. "तुझा बाप वाहक असला तर तूही असू शकशील. तो बिचारा आता नाही, तू तरी तपास. जावईबापूंनाही घे."

"आधी तू दे रक्त," मी चिडून म्हटलं. "मग आम्ही."

तिचा चेहरा उतरला. पण आली.

रिपोर्टच्या दिवशी ती प्रयोगशाळेचा जिना उगीच चढत-उतरत होती. माझ्यात दोष निघाला, नवऱ्यात नाही. बाळाला तो आजार होणार नव्हता. मी तिथंच रडले. आत्यानं माझे डोळे पुसले आणि मग आपला कागद उघडला.

तिच्यात दोष नव्हता.

"गणित नाही चुकलं गं," ती म्हणाली. "तिघांत एक सुटतोच."

कागदाची घडी तिला नीट घालता येईना. मी तो तिच्या हातातून घेतला.

"ग्रंथालयातल्या त्या माणसाची मुलं आता तुझ्याएवढी असतील," ती म्हणाली.