हातात राहिलेली सळई

भाऊजी,

पासष्टी उलटली तरी तुम्ही असे चालता, की जणू मागे कुत्रं लागलंय. डॉक्टर म्हणाले, रमतगमत चाला. तुम्ही त्यातलं फक्त ‘चाला’ ऐकलंत. रविवारी आठला पुलाशी या. नदीकाठी पालवी फुटलीय, ऊन कोवळं आहे, पाणी घोट्याएवढं. ते सगळं नुसतं बघायचं. मोजायचं काहीही नाही. मोजताना सापडलात तर तिथेच सोडून येईन.

वहिनी

फोन होता, पण फोनवर तो ‘हो हो’ म्हणून ठेवून द्यायचा. म्हणून थोरल्या भावाची ही बायको त्याला लिहूनच कळवायची. कागदाला ‘हो हो’ करता येत नाही.

त्याचं खरं नाव ऑफिसात कुणाला आठवत नसे. जमीनमोजणीच्या खात्यात तेहतीस वर्षं साखळी ओढली, म्हणून सगळे ‘साखळी’च म्हणत. काम अगदी सोपं. दोन माणसं, मध्ये तीस मीटरची लोखंडी साखळी. पुढच्याकडे दहा सळया. साखळी ताणली की पुढच्याने एक सळई रोवायची, मागचा तिथवर पोचला की त्याने ती उपटून घ्यायची. शेवटी मागच्याच्या हातात जितक्या सळया, तितक्या साखळ्या जमीन. हा कायम मागचा. बायको होती तोवर म्हणायची, "तुम्हाला पाय नाहीत, फूटपट्टी आहे." चाळीस पावलं म्हणजे एक साखळी. बाजारात जा नाहीतर सासुरवाडीला, चाळीस म्हणजे चाळीस.

रविवारी तो दहा मिनिटं आधीच पुलाशी हजर. वहिनी आल्या त्या छत्री टेकत, आणि आल्या आल्या म्हणाल्या, "मोजत आलात ना?"

"छे!"

"किती पावलं झाली?"

"अकराशे वीस."

वहिनींनी कपाळाला हात लावला.

नदी कसली, ओढ्याची थोरली बहीण ती. कडेच्या झाडांना बोटाच्या पेराएवढी पानं आलेली, मधमाश्यांची नुसती धांदल. वहिनी दर दहा पावलांवर थांबायच्या आणि याच्या पोटऱ्यांना मुंग्या यायच्या.

"एक बदक बघायला एवढा वेळ?"

"त्याला घाई नाही, तुम्हाला कसली आलीय?"

पुलाच्या शेवटच्या खांबापासून एका बाईंची रोपवाटिका सुरू व्हायची. कुंपण संपलं की हद्दीचा दगड, आणि पलीकडे लाकडाची वखार. दगडापाशी साखळी थबकला. खांबापासून दोनशे चाळीस पावलं. तो वळला आणि तरातरा मागे निघाला.

"आता कुठे?"

"रुमाल पडला."

रुमाल खिशातच होता. खांबापासून पुन्हा चालत आला. दोनशे एकेचाळीस.

म्हणजे सहा साखळ्या. दगड रोवायचा होता सातव्या साखळीवर. बावीस वर्षं झाली, पण त्याला ती मोजणी लख्ख आठवत होती, कारण रोपवाटिकेचा मालक तेव्हा हटून बसला होता. "दगड अलीकडे रोवताय." यानेच मूठ उघडून सात सळया त्याच्या नाकासमोर धरल्या होत्या. "या घ्या, तुम्हीच मोजा!"

आता त्याला उलगडलं. त्या सकाळी आधी दुसऱ्या कुणाची जमीन मोजली होती. तिथली शेवटची सळई पुढच्याला परत द्यायचीच राहिली. हा ती मुठीत धरून इकडच्या कामाला लागला. पुढच्याकडे नऊच. त्याने सहा रोवल्या, तीन उरल्या. याच्या हातात सात. सात नि तीन दहा. कुणाला संशय यायचा?

त्याने वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "झालं गेलं. घरी चला." तोवर हा फाटकातून आत.

बाई कुंड्यांत माती भरत होत्या. याने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"तीस मीटर?"

"तीस मीटर."

बाईंचे हात मातीतच राहिले. "आमचे हे मरेपर्यंत म्हणत होते. रोज संध्याकाळी पावलं टाकत बसायचे. मी म्हणायचे, सरकारी माणूस चुकेल की तुमचे गुडघे? पोरांदेखत हसायचे मी त्यांना." त्यांनी पदराला हात पुसले. "तोंडी नको. लिहून द्या."

बियाण्याच्या पावतीमागे त्याने पेन्सिलीने लिहिलं: चूक माझी, फेरमोजणी व्हावी. खाली सही. वहिनींनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"हे काय, कावळ्याचे पाय? असलं कोण वाचणार? मी नीट लिहून उद्या ऑफिसात देते. माझ्या वाटेवरच आहे."

त्यांनी अर्ज लिहिलाही सुरेख, एक खाडाखोड नाही. सोमवारी ऑफिसच्या दारापर्यंत गेल्या. म्हातारपणी दिराच्या मागे चौकशी लावायची, आणि तीही आपल्या हाताने? तशाच माघारी फिरल्या.

"दिलात?"

"साहेब रजेवर आहेत."

बुधवारी म्हणे कारकून जागेवर नव्हता. शुक्रवारी म्हणे गर्दी फार.

"मग मीच जातो."

"दोन जिने चढून? डॉक्टर काय म्हणाले? देते म्हटलं ना!"

तो त्यांच्या दाराशी येरझाऱ्या घालत राहिला. अर्ज वहिनींच्या पर्समध्येच, चष्म्याच्या घराखाली, घडी मोडलीसुद्धा नव्हती.